शेवटच्या स्लाइडवरचं नाव

प्यो उजिन अभ्यासात हुशार आहे असं त्याची आई म्हणायची. दुसरं कोणी म्हणत नसे. कोरियातल्या गुन्सानच्या विद्यापीठात त्याच्याबरोबर दाखल झालेली पोरं केव्हाच पास होऊन, नोकरीला लागून, आता लग्नाची आमंत्रणं पाठवू लागली होती. उजिन मात्र अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याच वर्गात, त्याच खिडकीजवळ बसत होता. मुलं त्याला पाठीमागे ‘जीवाश्म’ म्हणत आणि समोर ‘दादा’. बिल आलं की मग तर फारच प्रेमाने ‘दादा’ म्हणत, कारण टेबलावर जो वयाने मोठा त्यानेच खिशात हात घालायचा, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

त्याचं घोडं अडलं होतं एकाच विषयावर: व्यवस्थापकीय लेखाशास्त्र, भाग पहिला. पहिल्या खेपेला तो परीक्षेत चक्क झोपला. मग सैन्यातली सक्तीची नोकरी करून आला आणि पुन्हा बसला, तर पेपरच्या आदल्या दिवशी प्रेयसीने त्याला सोडलं. तिसऱ्या खेपेला त्याने मन लावून अभ्यास केला, पण जुन्या आवृत्तीचा. आता ही चौथी खेप, आणि ती शेवटची ठरणं भाग होतं. मासळीच्या वड्या करणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत त्याला जागा मिळाली होती. साहेबांनी सांगितलं होतं, “मार्चपासून या. पण पदवी घेऊन या, गोष्टी घेऊन नको.”

विषयाचे प्राध्यापक योम हे कोरडे गृहस्थ. हसायला वेगळा खर्च येतो असा त्यांचा समज असावा. त्यांच्या विषयात चाळीस गुण गटकामाला होते. चौघांनी मिळून एखाद्या छोट्या दुकानाचा हिशेब अभ्यासायचा आणि सत्राच्या शेवटी वर्गापुढे मांडायचा. शेवटच्या स्लाइडवर गटातल्यांची नावं यायची. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव गटप्रमुखाने काढून टाकायचं आणि प्राध्यापकांनी त्याला शून्य द्यायचं. अपील नाही, रडारड नाही.

उजिनच्या गटाची प्रमुख होती बांग येरिम. वय वीस, चष्मा जाड, आवाज बारीक आणि स्वभाव फूटपट्टीसारखा. गटात आणखी दोघं होती: कायम भुकेला दोयून आणि बोलण्यापेक्षा मान हलवणं पसंत करणारी सोल. त्यांनी विद्यापीठाच्या फाटकासमोरचं खाण्याचं दुकान निवडलं. तिथे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचा किंबाप, तांदळाच्या वड्यांची तिखट तोकबोक्की आणि मोमोसारखे तळलेले मांदू मिळत. प्रश्न एवढाच होता की मांदू तोट्यात दिसतात, तर ते बंद करावेत का.

माहिती आणायचं काम उजिनकडे आलं. तो दुकानात गेला, मालकीणबाईंशी गप्पा मारल्या, तिन्ही पदार्थ खाल्ले आणि पदार्थांचे सुरेख फोटो घेऊन परत आला.

“दादा, भाडं किती आहे?” येरिमने विचारलं.

“ते विचारायचं राहिलं. पण मांदू काय कुरकुरीत आहेत गं!”

दुसऱ्यांदा तो भाडं विचारून आला आणि हिशेबाला बसला. त्याने महिन्याचं भाडं एका दिवसात विकल्या गेलेल्या किंबापांवर वाटलं. उत्तर आलं, एक किंबाप पन्नास हजार वॉनला पडतो. उजिनला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्याने खाली दुहेरी रेघही मारली.

“पन्नास हजार?” दोयून किंचाळला. “दादा, त्यात सोनं गुंडाळतात का?”

येरिमने आणि सोलने बसून सगळा तक्ता नव्याने केला. उजिनला अपराधी वाटलं, म्हणून त्याने तळलेलं चिकन मागवलं. पुढच्या चुकीला पुन्हा चिकन मागवलं. अशी चुका आणि चिकन यांची जोडी जमत गेली. त्यानंतर तो गटाच्या संदेशांना उत्तरं देईनासा झाला. संदेश उघडायचा नाही, वरच्यावर डोकावून वाचायचा, म्हणजे किती जणांनी वाचलं नाही हे दाखवणारा संदेशाशेजारचा आकडा कमी होत नाही, ही युक्ती त्याला सैन्यातल्या मित्राने शिकवली होती. येरिमला ती शाळेपासून माहीत होती.

सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात तिने त्याला ग्रंथालयाच्या जिन्यावर गाठलं.

“दादा, रागावू नका. मी तुमचं नाव काढतेय.”

उजिन तिच्या वाटेत आडवा झाला. “अगं, मी तुला मोठ्या भावासारखा!”

“माझा सख्खा भाऊ मागच्या वर्षी माझ्याच गटात होता. त्याचंही काढलं.”

“आणि चिकन? मी इतकं खाऊ घातलं त्याचं काय?”

“चिकनबद्दल आभार. पण चिकन म्हणजे माहिती नव्हे.”

उजिनने मग नोकरीचं सांगितलं, आईचं सांगितलं, आईच्या गुडघ्यांचंही सांगितलं. येरिमने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा वर सारला. “विषय कोणता आहे आपला? रडून नका सांगू, आकड्यांत सांगा. तुम्हाला काढल्याने गटाचा तोटा होतो असं दाखवा. ठेवते.”

आता हसू नका, पण प्यो उजिनने आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक स्वतःहून उघडलं. दुपारच्या उन्हात ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून त्याने तोट्यातला पदार्थ ठेवावा की काढावा हा धडा वाचला आणि मध्येच थबकला. मांदूंवर भाड्याचा वाटा टाकला म्हणून ते तोट्यात दिसतात. मांदू बंद केले तरी जागेचा मालक भाडं कमी करत नाही, उलट ते किंबाप आणि तोकबोक्कीच्या बोकांडी बसतं. मांदूंनी स्वतःचा खर्च भागवून वर चार पैसे दिले तर ते राहू द्यावेत. बस, एवढंच? एवढ्याशा गोष्टीसाठी त्याने चार खेपा घातल्या होत्या? त्याला स्वतःचाच राग आला, आणि रागापेक्षा आनंद जास्त झाला.

तो उत्साहाने स्वतःचा हिशेब मांडायला बसला. एका बाजूला आपण गटाला दिलेले तास: गाडीतून सगळ्यांना नेलं-आणलं, छपाई केली, दुकानात दोन चकरा मारल्या. चिकनही धरलं. दोयून रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात कामाला जायचा, त्याच्या मजुरीच्या दराने एक चिकन म्हणजे दोन तास झाले. दुसऱ्या बाजूला आपल्यामुळे इतरांचे गेलेले तास. ही बाजू लिहिता लिहिता त्याचा उत्साह मावळत गेला. बेरीज केली तर उणे नऊ. दोयूनला झोपेतून उठवल्याचा तास वगळावा का, असा मोह त्याला झाला. वगळूनही उणे आठच येत होतं. म्हणून तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद टेबलावर ठेवला. “काढा नाव,” तो म्हणाला. “मांदूंनी निदान काहीतरी दिलं. मी उणे आहे.”

“चिकन धरून?” दोयूनने काळजीने विचारलं.

“चिकन धरून.”

“मग अजून एक मागवा ना दादा, उणे सात होईल.”

सोलने त्याला कोपराने ढोसलं. येरिमने एकेका आकड्यावर बोट ठेवत बेरीज तपासली. “बेरजेत चूक नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुमचा हा पहिला तक्ता, ज्यात बेरजेची चूक नाही. सोमवारी हाच मांडा. मांदूंपेक्षा तुम्ही लवकर समजता लोकांना.”

“आणि नाव?”

“ते माझं काम आहे.”

सोमवारी उजिन इस्त्रीचा शर्ट घालून वर्गापुढे उभा राहिला. मांदूंचा हिशेब सोलने आणि दोयूनने मांडला. मग त्याची पाळी आली. त्याने पन्नास हजारांचा किंबाप सांगितला, चिकनचे तास सांगितले, दोयूनची मोडलेली झोपही सांगितली. वर्ग पोट धरून हसत होता. त्याची स्वतःची नजर मात्र सारखी येरिमकडे जात होती, कारण शेवटची स्लाइड त्याने पाहिली नव्हती. “असा हा माल तोट्याचा आहे,” त्याने समारोप केला. “काढून टाकलेला बरा.”

येरिमने बटण दाबलं. पडद्यावर चार नावं आली, आणि सगळ्यात वर प्यो उजिन. वयाप्रमाणे.

प्राध्यापक योम यांनी पेन खाली ठेवलं. “बांग येरिम, तुमच्याच गटाचा हिशेब सांगतो की याला काढा. मग नाव कसं? मोठा भाऊ म्हणून भीड पडली?”

“नाही सर. दादांनी बेरीज बरोबर केली, पण आकडे चुकीचे धरले.” बारीक आवाज वर्गभर पोचला. “ते उणे नऊ तास होऊन गेले. नाव काढलं म्हणून आम्हाला परत मिळणार नाहीत. ठेवायचं की काढायचं हे ठरवताना झालं गेलं धरायचं नसतं, इथून पुढे काय मिळेल ते धरायचं. आणि आजचा सगळ्यात अवघड भाग त्यांनी एकट्याने मांडला.”

उजिन पडद्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो ती एकेक खेप पाठीवर घेऊन फिरत होता. आईपुढे, मित्रांच्या लग्नांत, कारखान्याच्या साहेबांसमोर. या वीस वर्षांच्या पोरीने ती सगळी एका वाक्यात खाली उतरवली होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याला जागा मिळेना.

“प्यो उजिन,” प्राध्यापक योम म्हणाले, “म्हणजे हा धडा तुला चौथ्या खेपेला समजला म्हणायचं?”

उजिनने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

“पहिल्याच, सर,” तो म्हणाला. “मागच्या तीन धरायच्या नसतात.”