जास्तीची वाढ

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मी शिकायला अमेरिकेला जाण्यासाठी घर सोडलं तेव्हा ओझरजवळच्या आमच्या द्राक्षबागेत घड बुडवायचं काम ऐन भरात होतं. मणी फुगावेत म्हणून वाढीच्या औषधाच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा. दिवस चुकला की मणी बारीक राहतात. म्हणून आई मला नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत सोडायलाही आली नाही. वेलीखालूनच म्हणाली, "जा बाई. इमान बी थांबत नाय, घड बी थांबत नाय." मला राग आला. तो तिकडे पोचेपर्यंत टिकला.

तिथल्या लॅबमध्ये माझ्या वाट्याला उंदीर आले. वाढीचा निरोप देणारं एक प्रथिन त्यांच्या अंगात जन्मापासूनच जास्त तयार व्हायचं. स्तनग्रंथी वेड्यावाकड्या वाढायच्या, पुढे त्यांतच कॅन्सरच्या गाठी. रोज सकाळी बोटांनी चाचपून मसुरीएवढी गाठ शोधायची, हे माझं काम. बाहेर बर्फ पडत असायचा, आणि हातात उंदीर असताना मला आमच्या वेलींच्या मांडवाखालचा हिरवा उजेड दिसायचा. ती वर्षं अर्धवट झोपेत गेल्यासारखी आठवतात.

फोनवर हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजी आपल्या घडांवानीच की." मी हसून हो म्हटलं. महागड्या कॉलवर कोण समजावत बसणार?

चार वर्षांनी घरी आले. आईने जवळ घेतलं ते एका बाजूने, जरा लांबूनच. दोन दिवसांनी तिने माझा हात छातीवर ठेवला. गाठ लिंबाएवढी होती. माझं शिक्षण अर्ध्यात सुटू नये म्हणून वर्षभर लपवलेली.

गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिने विचारलं, "त्या औषधात इतकी वर्सं हात घातले, त्यानंच झालं ना? तूच म्हनली व्हती, उंदरांवानीच."

माझं ते हसत दिलेलं हो ती वर्षभर एकटी सोसत होती. मला स्वतःची भयंकर चीड आली.

"नाही आई. ते वेलीचं औषध, उंदरांचं ते त्यांच्या अंगातच तयार होणारं. दोन्ही वेगळं. मी उगाच हो म्हटलं."

"मग कशानं झालं?"

"माहीत नाही."

एवढं शिकून हे सांगायची लाज वाटली. आई मात्र सैल झाली. "तुला नाय ठावं, तर मला कुठून ठावं आसनार?" म्हणाली, आणि शांत झोपली.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. शिक्षण संपवून मी परत आले, इथेच राहिले. तुम्ही जुन्या मैत्रिणी विचारता, तुझं घर आता कुठलं? जिथे मी सहज टाकलेला शब्दही कुणी वर्षभर खरा मानून जगतं, ते. तुम्हीही माझा शब्द असाच खरा मानता, म्हणून तुमच्याशी बोलताना हल्ली मी जपून बोलते.