एका दमात किती शब्द

फोनवरून माणसाचा दम मोजणारा डॉक्टर अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. कोरोनात खेड्यापाड्यांतल्या आम्हा नवख्या डॉक्टरांना बुलढाण्यात बसून सल्ला द्यायचं काम या निवृत्त सरांकडे होतं, आणि मी संग्रामपूरकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटी. हॅलो म्हणणं त्यांच्या लेखी वेळेची नासाडी. फोन उचलला की पहिला प्रश्न, "पोरी, जेवली काय?" नाही म्हटलं तर, "पहिले दोन घास खा, मंग पेशंट सांग," आणि खरंच फोन ठेवून द्यायचे! रिपोर्टचा फोटो पाठवला की भडकायचे. "फोटो काऊन पाठवते वं? मले काय सोयरीक जमवाची हाय? वाचून दाखव!" वाचता वाचता निम्म्या वेळा उत्तर माझं मलाच सापडायचं. लबाड माणसाला ते चांगलं ठाऊक होतं.

बोटाला लावायच्या यंत्राचा आकडा ते ऐकून घ्यायचे, पण जीव दमावर. एसटीच्या कंडक्टरला थांबे, शेतकऱ्याला पिकं, सगळं एका दमात म्हणायला लावायचे आणि तिकडे शब्द मोजायचे. एक नवा जावई सासरच्या तिसऱ्या नावालाच अडखळला. "याचा दम ठीक हाय, जावई कच्चा हाय," असा निकाल मिळाला.

आमच्या केंद्रातल्या आया शेवंताबाई आजारी पडल्या तेव्हा मात्र सरांनी जेवणाचं विचारायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं. इथलं पहिलं बाळंतपण त्यांनीच माझा हात धरून करवून घेतलं होतं. मोठ्या दवाखान्यात खाट मिळेना. सर म्हणाले, "ऑक्सिजन चालू ठेव, पालथं झोपव. आन् बाईले मले शिव्या द्याले सांग." बाईंचं तोंड साऱ्या गावाला माहीत. मी फोन धरला. "मेल्या..." एवढंच म्हणून त्या धापा टाकू लागल्या. मला रडूच फुटलं. सर शांतपणे म्हणाले, "एक शब्द. दोन तासांनी पुन्हा लाव."

दोन तासांनी तीन शब्द झाले. दुसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी सकाळी फोन पुढे करताच बाई कडाडल्या, "काऊन हो सायेब, तुमाले दुसरा धंदा नाही काय, बिमार बाईच्या तोंडाले फोन लावता, आन् सोता तिकडे पंख्याखाली चहा पेऊन राह्यले!"

"वीस!" सर ओरडले. "बस्स बाई, बस्स!" बाई वाचल्या होत्या. मी हसत होते आणि डोळे वाहत होते. तिकडे सर बराच वेळ नाक शिंकरत होते. सर्दी झाली म्हणे.

साथ सरली. सरांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोन मात्र चालूच आहे. मध्यंतरी आठ दिवस त्यांनी तो उचलला नाही. छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात आहेत असं कळलं. नवव्या दिवशी फोन लागला. भीत भीत विचारलं, "सर, जेवलात का?"

"मलेच शिकवते काय वं पोरी, काय झालं मले, चांगला टुणटुणीत हाय, तू आपले पेशंट पाह्य..." आणि श्वास घ्यायला थांबले.

पंधरा. पूर्वी तीस शब्दांच्या आत थांबत नसत. पण पंधरा होते, खणखणीत होते. माझा जीव भांड्यात पडला.

"बस्स सर, बस्स," मी म्हटलं. "दोन तासांनी पुन्हा लावते."