द्रौपदीबाईंनी कापलेलं शेवाळ

द्रौपदीबाईंच्या तावडीतून सुटा धागा म्हणून कधी सुटत नसे. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या त्यांच्या खोलीत वर्षानुवर्षं जीन्सचे गठ्ठे येत. शिवणीवर लोंबणारे धागे कटरने कापायचे आणि माल कारखान्यात परत पाठवायचा. एक धागा राहिला तरी चेकिंगवाला अख्खा गठ्ठा तोंडावर फेकी. त्यामुळे पाहुण्याच्या शर्टाला धागा दिसला तरी बाईंचे हात शिवशिवत.

अशा घरात अस्मिता वाढली, आणि तिचा जीव जडला तो समुद्राच्या शेवाळावर. शेवाळावर तरी कुठला, त्यात राहणाऱ्या तांदळाच्या कणीएवढ्या जिवांवर! अंबरनाथच्या कॉलेजात शिकवायचं आणि सुट्टी आली की अलिबागच्या पुढे जाऊन ओहोटीला खडकांवर ओणवं व्हायचं. लग्नाची स्थळं येत नि ही पोरगी गोगलगायी मोजत बसे. आईने आधी कपाळाला हात लावला, मग तोच हात तिच्या कामाला लावला.

"आई, पालेगावला टॉवर झाले आणि मध्ये शेताचे तुकडे उरले ना? तसेच खडकावरच्या शेवाळाचे तुकडे झाले, तर त्यातली वस्ती टिकते का, ते बघायचंय." खऱ्या शेवाळाचे सारखे तुकडे मिळेनात, म्हणून अस्मिताने नायलॉनच्या दोऱ्या उसवून खोटं शेवाळ करायचं ठरवलं. त्याचे झुबके जाळीवर शिवले द्रौपदीबाईंनी. काही सलग गालिचे, तर काही सुटे तुकडे, खडकावर दूर दूर बसवायला. हंगाम संपताना सगळं काढून आणलं, तेव्हा गालिचे जिवांनी गजबजलेले आणि तुकडे जवळपास ओसाड. मार्गदर्शक राजसी मॅडम खूश झाल्या, त्यांचा अंदाज तोच होता. पीएचडीची शेवटची मुदतवाढ चालू होती, त्यात हे यश. बाईंनी चाळीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी धुतलेले तुकडे वाळत घालताना अस्मिता थबकली.

"आई, यांची टोकं कोणी कापली?"

"मीच, शिवून झाल्या झाल्या. केवढ्या झिंज्या निघाल्या होत्या! गालिचेपण केले असते, पण तू घेऊनच गेलीस." बाई कौतुकाची वाट बघत होत्या.

अस्मिता खालीच बसली. ते जीव त्या झिंज्यांतच लपतात, तिथेच त्यांचं खाणं अडकतं. तुकडे ओसाड पडले ते तुकडे होते म्हणून, की कटर फिरला म्हणून, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं.

बाई जवळ सरकल्या. "पण मॅडमना पाहिजे तेच आलंय ना? मग राहू दे की. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, आई."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरीचा अख्खा हंगाम पाण्यात, वर पीएचडी हातची जायची वेळ, आणि हे सगळं आपल्या हाताने! बाईंना जेवण जाईना. अस्मिता मॅडमकडे गेली तेव्हा बाईंनी मनाची तयारी केली. कारखान्यातला रिवाज त्यांना पाठ होता. शेठ मास्तरवर ओरडतो, मास्तर कारागिरावर, आणि खापर फुटतं ते घरी धागे कापणाऱ्या बाईच्या डोक्यावर. इथे तर चूक खरंच त्या बाईचीच होती.

अस्मिता परतली आणि म्हणाली, "पहिल्यापासून करायचं. अजून एका मुदतीसाठी खास अर्ज केलाय." बाकीचं तिच्याबरोबर किनाऱ्यावर जाणाऱ्या वैष्णवीने सांगितलं. "मॅडम जाम भडकल्या, काकू. टोकं कापली कोणी, विचारलं. ही म्हणाली, लावायच्या आधी तपासणं माझं काम होतं, मी नाही तपासलं. तुमचं नावच नाही काढलं."

बाई मोरीत जाऊन रडल्या. दोष खाली न ढकलणारं माणूस त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि ते त्यांच्याच पोटचं होतं.

मुदत मिळाली, रडतखडत. नवे झुबके शिवून होताच बाईंनी कटर शेजारच्या रंजनाकडे ठेवायला दिला. या खेपेला तुकड्यांतही पोहणारे जीव भरभरून आले. नुसत्या सरपटणाऱ्या इवल्या गोगलगायींना मधला उघडा खडक ओलांडता आला नव्हता. मॅडमचा अंदाज निम्मा चुकला.

तोंडी परीक्षेला बाई इस्त्रीची साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "आधीचा एक हंगाम तुम्ही रद्द केलात. का?"

"झुबक्यांची टोकं कापली गेली होती, सर. मी तपासलं नव्हतं. माझी चूक."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. द्रौपदीबाई उभ्या होत्या.

"अर्धंच सांगतेय ती, साहेब. टोकं मी कापली. हिला खोटं चालत नाही, मग माझ्यासाठी तरी कशाला?"

एवढं बोलून त्या खाली बसल्या. समोर अस्मिताचे डोळे भरून आले, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तिला पाणी प्यावं लागलं.