विलास भावोजी आणि डावीकडे वळणारी गाडी

ताईचा फोन नेहमी रविवारी येतो. त्या दिवशी मंगळवारी आला, तेव्हाच काहीतरी चुकलं हे मला कळलं. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "मेधा, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. दुपारचा चहा घेऊन भावोजी खुर्चीतच जरा टेकले आणि पुन्हा उठलेच नाहीत. फोन ठेवल्यावर रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहिलं... लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या त्यांच्या गॅरेजमध्ये फरशीला गाल लावून पालथा पडलेला एक टकला, गोलमटोल गृहस्थ, एक डोळा मिटून चाकाकडे बघतोय आणि बायको चहाचा कप धरून डोक्याशी उभी आहे. मला हसू आलं. वॉचमनकाका माझ्याकडे बघायला लागले. आता दीड महिना होऊन गेला, पण भावोजींची आठवण आली की आधी हसूच येतं, आणि त्यांना तेच आवडलं असतं.

माझे मेहुणे मूळचे इचलकरंजीचे. घरी यंत्रमाग होते. वडिलांना ते दादा म्हणत. दादा मागाच्या आवाजावरून कुठला नट सैल झालाय ते ओळखत, असं भावोजी फार अभिमानानं सांगायचे. स्वतः मात्र कॉम्प्युटरकडे वळले, पुण्यात नोकरी केली आणि या शतकाच्या सुरुवातीला ताईला घेऊन इंग्लंडला गेले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या हे त्यांचं काम. कुरकुरणारं दार आणि डुगडुगणारं टेबल त्यांना सहन व्हायचं नाही. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलाखाली वाकून बघायचे. ताईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाला ऑफिसातल्या एका मित्रानं एका रविवारी गोकार्टची, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या गाड्यांची, शर्यत बघायला नेलं. वॉटफर्डपासून तासाभरावर, शेतांच्या मधोमध, डांबराचा एक छोटा अंडाकृती ट्रॅक होता. तिथे इकडे तिकडे वळणं घेत जायची भानगड नव्हती. सरळ जायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे. झेंडा पडेपर्यंत हेच. मला ऐकूनच कंटाळा आला होता. भावोजींना मात्र ती गोष्ट इतकी आवडली की महिन्याभरात एक जुनी गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये येऊन बसली आणि ताईचं वॉशिंग मशीन किचनमध्ये गेलं. पहिल्याच वेळी चालवायला बसले आणि चार-पाच फेऱ्यांत त्यांना अशी गरगर आली की कुंपण धरून उभे राहिले. त्यामुळे ड्रायव्हर शोधणं आलं. नेमकी त्याच सुमाराला मी दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर लंडनला आले आणि त्यांच्याकडे राहू लागले. वजन कमी, उंची बेताची, आणि पुण्याच्या रहदारीत कॉलेजची सगळी वर्षं लूना चालवलेली. "तुला भीती म्हणून उरलीच नसणार की," भावोजी म्हणाले. झालं माझं सिलेक्शन.

त्यानंतरचे माझे शनिवार गॅरेजमध्ये गेले. चार चाकांखाली चार वजनकाटे, आणि सीटवर मी, हेल्मेटसकट, स्टिअरिंग सरळ धरून, देवळातल्या मूर्तीसारखी. भावोजी काट्यांवरचे आकडे बघत आणि सीट बोटभर इकडे, नट अर्धा आटा तिकडे असं चालायचं. गाडीला फक्त डावीकडेच वळायचंय, मग ती सरळ उभी तरी कशाला हवी, हे त्यांचं म्हणणं. वजन डाव्या अंगाला जास्त. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा घेरानं थोडं मोठं. कागदी पेला जमिनीवर ढकलला की आपोआप गोल फिरतो, तशी गाडी स्वतःहून डावीकडे ओढ घेते. फरक फार झाला की मागची बाजू घसरते, कमी पडला की नाक सरळ बाहेरच्या टायरांच्या भिंतीकडे निघतं. त्या दोन्हींच्या मधली एक नेमकी जागा त्यांना हवी होती. "तू नुसतं वळायचं मनात आणायचंस, आणि ती वळली पाहिजे," ते म्हणायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग मला विचारायचं, गाडी काय म्हणते. मी म्हणायचे, "भावोजी, ती म्हणते भूक लागली." ताईला तर हा सगळा प्रकार उलट्या प्रदक्षिणेचा वाटायचा. देवाला उजवीकडून घालतात, तुम्ही दोघं कुणाला डावीकडून घालताय, असं ती दर रविवारी डबा भरताना विचारायची.

दोन मोसम आम्ही धावलो आणि एकदाही जिंकलो नाही. बहुतेक वेळा मधे कुठेतरी, कधी शेवटून दुसरे. दुसऱ्या वर्षी माझं प्रोजेक्ट संपत आलं, नोव्हेंबरचं तिकीट निघालं आणि मोसमातली शेवटची शर्यत उरली ऑक्टोबरमधली. भावोजी तसे मनातलं बोलणारे नव्हते. त्या आठवड्यात भांडी विसळता विसळता म्हणाले, "मेधा, एक तरी जिंकून जा बघ. नाहीतर मला चुटपुट लागेल." मला शर्यतीच्या कपाचा काही सोस नव्हता. पण त्या वाक्यानंतर मला जिंकायचं होतं, आणि ते त्यांच्यासाठी.

शनिवारी दुपारी सगळं जुळवून झालं. संध्याकाळी ताई हळदकुंकू आणि शेवंतीची फुलं घेऊन गॅरेजमध्ये आली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, आणि हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. भावोजींच्या घरी खंडेनवमीला माग बंद असत. पाना, हातोडी, कात्री सगळं पाटावर मांडून पूजा व्हायची आणि त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचाही, असं दादा म्हणायचे. रविवारी सकाळी भावोजींनी आंघोळ करून पाने, स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचं मीटर, पंप, चारही काटे पाटावर मांडले, प्रत्येकाला बोट लावलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं. ताईनं त्यांना समजावून पाहिलं. एवढी शेवटची शर्यत आहे, घेऊन जा, देवाला कळतं. त्यांनी दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "देवाला कळेल गं. दादांना काय सांगू?"

दादा गेले तेव्हा भावोजी इंग्लंडमध्ये होते आणि वेळेत पोचू शकले नव्हते. पुढे माग विकले, घरही गेलं. ताईला हे ठाऊक होतं. तिनं डबा मोटारीत ठेवला, आणि शर्यतीला निघालेली आमची मंडळी एकाही पान्याशिवाय निघाली.

सकाळी ट्रॅक ओलसर होता तोवर गाडी बरी चालली. दुपारी कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलं, डांबर वाळून चिकट झालं आणि सरावाच्या फेरीत आमची गाडी वळायचं नावच घेईना. नाक बाहेर, बाहेर आणि बाहेर. मी उतरले तेव्हा माझे दंड भरून आले होते. शेजारच्या माणसानं आपली टूलबॉक्स पुढे केली, तर भावोजींनी हात जोडून नको म्हटलं आणि आज आमची हत्यारं सुट्टीवर आहेत असं इंग्रजीत समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्यानं मान डोलावली. मग ते नेहमीसारखे डांबरावर पालथे झाले. मागच्या डाव्या टायरातली थोडी हवा काढायला हवी होती, म्हणजे त्याचा घेर कमी होऊन गाडी डावीकडे ओढ घेईल. पण ती काढायची कशानं? ताईनं बांगडीत अडकवलेली पिन काढून पुढे केली. पिन हत्यारात मोडते का, यावर दोघांचा वाद झाला. शेवटी ती दागिन्यात मोडते असं ताईनं ठरवलं. भावोजी पिनेनं फुस्स करून हवा सोडायचे आणि अंगठा दाबून बघायचे, पुन्हा फुस्स, पुन्हा अंगठा. डोळे मिटलेले. दादा मागाला कान लावून असेच उभे राहत असतील, असं मला तेव्हा वाटून गेलं.

"आता उरलेलं वजन तू," ते मला म्हणाले. "वळणावर आत शिरताना पुढे वाक. सुईत दोरा ओवताना वाकतेस, तेवढंच."

मी वाकले. आणि गाडी वळली... दोन वर्षांत पहिल्यांदा मला स्टिअरिंगशी झटापट करावी लागली नाही. मी फक्त डावीकडे बघितलं आणि ती गेली. एकेक गाडी मागे पडत होती आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच मोठ्यानं हसत होते. शेवटच्या वळणावर पुढे एकच गाडी उरली. झेंडा पडला तेव्हा आमचं नाक तिच्या पुढच्या चाकापर्यंत पोचलं होतं. वीतभर राहिलं. मी रडवेली होऊन उतरले, तर भावोजी कुंपणाकडून दोन्ही हात पसरून धावत आलेले.

"वळली की गं ती. बघितलंस? कशी वळली."

"भावोजी, आपण दुसरे आलो."

"होय काय?" ते म्हणाले. "मी चाकाकडेच बघत होतो."

घरी जाताना आम्ही तिघं मोटारीत गाणी म्हणत गेलो. जिंकल्यावर लोक याहून वेगळं काय करत असतील मला माहीत नाही.

मी पुण्याला परतले, लग्न झालं, पुन्हा जाणं झालं नाही ते झालंच नाही. गेल्या महिन्यात गेले ती ताईला सोबत म्हणून. तिनं गॅरेजचं दार उघडलं. गाडी होती तशीच चार काट्यांवर उभी होती आणि सीटवर बासमतीच्या पिशव्या एकावर एक बसवून पट्ट्यानं घट्ट बांधल्या होत्या. ताई म्हणाली, ती तू आहेस. दुसरा ड्रायव्हर त्यांनी कधी घेतलाच नाही. मेधाची एक शर्यत बाकी आहे, ती कधीही येईल, गाडी तयार हवी, एवढंच म्हणायचे. दर काही दिवसांनी आकडे तपासायचे. "आणि तुझा फोटो आला ना ईमेलवर, की नीट निरखून बघायचे आणि दोन-चार मुठी तांदूळ वाढवायचे."

मी पिशव्या उतरवल्या आणि सीटवर बसले. ताईनं आकडे वाचून दाखवले. तांदळाचे आणि माझे आकडे इतके जुळले की मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि इतके दिवस न आलेलं रडू तिथे आलं. आम्ही दोघी बराच वेळ तशाच होतो, ती काट्यांपाशी आणि मी हँडब्रेक नसलेल्या त्या गाडीत.

मोसम मार्चमध्ये सुरू होतो. मी ऑफिसात रजा टाकून ठेवली आहे. निघताना पिशव्या पुन्हा सीटवर बांधल्या, फक्त वरच्या पिशवीतले चार मुठी तांदूळ काढून ताईच्या डब्यात टाकले. मार्चपर्यंत तेवढं मला उतरवायचं आहे.