जाऊबाईंची म्हैस

निजामाच्या राज्यात घाटनांदूरकडच्या एका खेड्यात आमची चारच ख्रिस्ती घरं होती. त्यांतलं एक आमचं, शेजारचं थोरल्या दिरांचं. दोघे भाऊ मिशनच्या शाळेत शिकवायचे. पगार सारखाच, पोरंही तीन-तीन. तरी महिना सरायच्या आत माझा ज्वारीचा डेरा रिकामा व्हायचा, आणि जाऊबाईंनी मात्र आधी शेळी घेतली, मग दुभती म्हैस.

म्हैस दारात आली त्या दिवशी मला घास गेला नाही.

रविवारी भक्तीला जमताना बायका देवासाठी ज्वारी आणायच्या. ती वहीत टिपून जाऊबाईंच्या घरी साठवलेली असायची. माझ्या मनात नको ते आलं. मी भक्ती चालवणाऱ्या पाळकसाहेबांना गाठून म्हटलं, "देवाचं धान्य कुणी कधी मापून बघतं का?"

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर ते मापलं. वहीत लिहिलं होतं त्याहून दोन पायल्या जास्तच भरलं.

"आमचा दशांश, कमाईतला धावा वाटा बी त्यातच हाय," जाऊबाई म्हणाल्या. "येगळा कशाला ठिवायचा?"

आठ दिवस मी त्यांच्याकडं फिरकले नाही. मग मन मारून गेले आणि विचारलं, "जाऊबाई, तुमचं भागतं कसं?"

"दळायला जवारी काढली की पयली मूठ देवाची. दुसरी मूठ डेऱ्यात परत. ती साठली की बाजारात इकायची. उरलंय त्येच्या भाकरी. तू आधी खातीस, मग उरलं तर ठिवतीस. तसं उरत न्हाई बाई."

"पोरांना पुरतं?"

"भाकरी जरा पातळ हुती. उपाशी कुनी निजलं न्हाई."

मी तसंच करू लागले. तीन वर्षांनी माझ्याही दारात शेळी आली. पण प्रभुभोजनाचा दिवस आला की ख्रिस्ताच्या नावाची ती भाकर मनात पाप लपवून घेताना हात अडायचा. शेवटी एकदा जाऊबाई गोवऱ्या थापत असताना मी बोलून टाकलं, "पाळकसाहेबांच्या कानाशी मीच लागले होते."

त्यांनी हातातला गोळा खाली टाकला, थापला.

"ठावं हाय. त्याच रोजी कळलंतं."

म्हणजे सगळं ठाऊक असून त्यांनी मला शिकवलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, म्हशीचा वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या घडीला त्यांच्या मनाचा वाटला. मी पदर खोचला आणि त्यांच्याशेजारी गोवऱ्या थापायला बसले.