टाक्याच्या तळाची काळी माती

आमच्या गावामागच्या गडावर निजामशाहीत चौकी होती, असे म्हणतात. आता रविवारी शहरातली तरुण मंडळी तो चढतात आणि चैत्रात वर देवीची यात्रा भरते. सगळ्यांना पाणी देते ते खडकात खोदलेले एकच टाके, आणि ते सांभाळते चांगुणा. गडावर शेळ्या चारते, जाता-येता टाक्यातला पालापाचोळा काढते. तिची सासूही हेच करत असे.

मे २०२२ मध्ये गड चढणाऱ्या शहरी पोरांपैकी हर्षलचा गट टाके साफ करायला आला. गाळ काढून झाला, तशी पोरे तळाची काळी माती खरवडू लागली.

“ती ऱ्हाऊ द्या रं,” चांगुणा म्हणाली.

“मावशी, घाण आहे ती. आरशासारखं करतो बघा टाकं.”

“आरशात तोंड दिसंल, पानी न्हाई ऱ्हायचं.”

सगळे हसले. मीही हसले, तशी माझ्या डायरीत नोंद आहे.

पावसाळ्यात भरलेले टाके दिवाळीलाच कोरडे पडले. माती खरवडल्याने उघड्या पडलेल्या खडकाच्या भेगांतून पाणी झिरपून गेले होते. यात्रेला बायकांनी डोक्यावरून हंडे वाहिले. सरपंच हनुमंतरावांनी सांगितले, “पुढच्या वर्षीही हीच गत झाली, तर यात्रा पायथ्याला.”

देवीने गड सोडायचा, हे चांगुणाला सोसेना. मे महिन्यात तिने गावतळ्याची काळी माती मागितली. हर्षलच्या गटाने पन्नास पोती पाठीवरून वर नेली.

“मावशी, सिमेंट लावू या ना?”

“दगूड तापला की ते तडाकतं.”

तिने माती भिजवून हाताने भेगांत भरली, तळभर पसरली आणि आपल्या तीस शेळ्या टाक्यात उतरवल्या. तीन दिवस त्या गोल फिरत होत्या. हर्षलही तुडवू लागला.

“तू भाईर निघ. शेळीचा खूर माती दाबतो, तुझा पाय नुसता थापतो!”

पुढच्या चैत्रात मी शहात्तराव्या वर्षी, चार ठिकाणी बसत, गड चढले. टाक्याच्या अकरा पायऱ्यांपैकी सात पाण्याखाली होत्या. देवीचा पहिला कलश हनुमंतरावांनी चांगुणाच्या हाती दिला.

हर्षल म्हणाला, “मावशी, माहितीच्या फलकावर तुमचं नाव घालतो.”

“घाल की. आदी सासूचं घाल. आन् खाली मोठ्या अक्षरात लिव, तळ खरवडू नये.”