कॉम्प्युटरने जिंकलेली म्हैस

आमच्या म्हाताऱ्याचा वजीर गेला आणि व्याह्यांनी आमच्या म्हशीचं दावं सोडायला गोठ्यात माणूस पाठवला.

व्याही म्हणजे सुनेचे वडील, घोटावड्याचे. त्यांच्या वास्तुशांतीला म्हाताऱ्याने भर पंगतीत सांगितलं होतं, "बुद्धिबळात कॉम्प्युटर माझ्यापुढं लेकरू हाय!" (थाप नव्हती. मुलाने हिंजवडीहून जुना लॅपटॉप आणून दिल्यापासून म्हातारा त्याला रोज हरवायचा. मग माझ्याकडे असं बघायचा, जणू मीच कॉम्प्युटर!)

व्याही म्हणाले, "आमच्या डोळ्यांदेखत हरवा की, पाव्हणं."

"हरवतो! हरलो तर आमची चंद्री तुमच्या गोठ्यात!"

चंद्री माझी म्हैस. मला विचारलं? पुरुषांची पंगत आधी बसते. बायकांची पानं मांडेपर्यंत म्हैस गेलेली असते!

माझा म्हाताऱ्यावर भरवसा नव्हता. सामन्याच्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला. खेळ सुरू करायच्या आधी त्यात एक पट्टी दिसते. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दहा, आणि ठिपका एकावर. म्हटलं, हा माणूस एकावर एवढा खेळतो, तर दहावर काय करील! पंखा असो नाही तर मिक्सर, आकडा वाढवला की आपलं काम जोरात होतं. ठिपका ओढला आणि दहावर नेला.

दुपारी व्याही आले, विहीणबाई आल्या, बरोबर टेम्पोसुद्धा आला. चहा गार व्हायच्या आत म्हाताऱ्याचा एक घोडा आणि दोन्ही उंट गेले.

"ह्याला आज काय झालंय?" म्हातारा घाम पुसत म्हणाला.

"लेकरू मोठं झालं वाटतं," व्याही म्हणाले.

मग वजीर गेला. माणूस गोठ्याकडे निघाला तशी मी ओरडले, "भिऊ नगा! मी तुमाला दहावर ठिवलंय!"

मुलगा सुट्टी काढून घरी थांबला होता. त्याने कपाळावर हात मारला. "आई, तो आकडा कॉम्प्युटरचा हाय! आबा जिंकावेत म्हणून मीच एकावर ठिवला हुता!"

एका दमात पोराने आईची म्हैसही घालवली आणि बापाची अब्रूही!

व्याही हसून हसून खुर्चीवरून घसरले. "म्हंजी पाव्हणं, इतकं दिस खरंच लेकराला हरवत हुता व्हय!"

म्हातारा लालेलाल. "शब्द म्हंजी शब्द. न्या म्हस!"

माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता उरला होता. मी म्हटलं, "न्या, खुशाल न्या. पर ती माझ्याबिगर कुणाला पान्हा सोडत न्हाई. चार दिसांत हात जोडत आणून सोडाल."

"बघू की," विहीणबाई म्हणाल्या.

चार दिवस कुणी आलं नाही. मग मीच तोऱ्यात घोटावड्याला गेले. चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती आणि विहीणबाईंची चरवी दुधाने काठोकाठ भरली होती. मला बघून तिने शेपूट हलवलं. तेही माशीसाठी!

एवढ्या प्रकारातून म्हातारा, मी आणि चंद्री, तिघंही जिवंत आहोत. सुखात फक्त चंद्री आहे.